वयाच्या माथी मारलेली झीज

पन्नाशी ओलांडलेल्या कुणाच्याही गुडघ्याचा एमआरआय काढा, मेनिस्कस (लोक ज्याला गुडघ्यातली ‘गादी’ म्हणतात तो) फाटलेला किंवा जागेवरून बाहेर सरकलेला सापडण्याची शक्यता बरीच असते. अशा अनेकांचा गुडघा दुखतही नसतो. आणि फाटलेला तुकडा दुर्बिणीतून काढून टाकल्याने वयस्क गुडघ्याला फारसा फायदा होत नाही, हे चांगल्या चाचण्यांनी दाखवून दिलं आहे. ही तिन्ही विधानं खरी आहेत. त्यांच्या आधारावर हल्ली जे चौथं विधान सर्रास केलं जातं ते मात्र खोटं आहे. सरकलेला मेनिस्कस हे निव्वळ वयाचं लक्षण आहे, गुडघ्याच्या झिजेशी त्याचा संबंध लावू नये, रिपोर्टमधली ती ओळ वाचून सोडून द्यावी, असं ते विधान.

मी रेडिऑलॉजिस्ट आहे. गुडघ्याचे एमआरआय वाचणं हे माझं रोजचं काम आणि ती ओळ लिहिणंही माझंच काम. ‘वयोमानाप्रमाणे आहे’ एवढं ऐकून घरी गेलेली बाई काही वर्षांनी गुडघा बदलण्याआधीचा एक्स-रे काढायला येते आणि आतल्या बाजूला हाडाला हाड टेकलेलं दिसतं, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता या विषयावर गप्प बसवत नाही. पण हा वाद माझ्या अनुभवावर उभा करायची गरज नाही. पुरावा छापलेला आहे, आणि ज्यांच्या नावाने मेनिस्कसला निर्दोष ठरवलं जातं त्यांनीच त्यातला बराचसा लिहिलेला आहे.

आधी वस्तू नीट पाहू. गुडघ्यात मांडीचं हाड वर, नडगीचं हाड खाली. दोघांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं. मांडीच्या हाडाचं टोक गोल, नडगीचं जवळजवळ सपाट. गोल आणि सपाट एकमेकांवर टेकले तर अगदी थोड्या जागेवर सगळा भार येईल. ती उणीव मेनिस्कस भरून काढतो. आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला एक असे हे दोन अर्धचंद्र, कडेला जाड आणि मध्याकडे पातळ होत जाणारे. प्रत्येकाची दोन टोकं नडगीच्या हाडात घट्ट रुतलेली असतात. त्यांना आम्ही मुळं म्हणतो. गुडघा सरळ असताना किमान निम्मा भार मेनिस्कसमधून जातो, काटकोनात वाकल्यावर हे प्रमाण ८५ टक्क्यांपर्यंत पोचतं.

मेनिस्कसला नुसती उशी समजलं जातं, तिथेच समजुतीची पहिली चूक होते. उशी जागेवरून थोडी हलली तरी उशीच राहते. मेनिस्कसचं काम बैलगाडीच्या चाकावर चढवलेल्या लोखंडी धावेसारखं आहे. वरून भार आला की मेनिस्कस बाहेरच्या दिशेला ढकलला जातो. त्याच्यातले कोलॅजनचे धागे कडेने गोलाकार जातात, दोन्ही मुळांना ताणले जातात आणि तो ताणच भार पेलतो. धाव एका जागी तुटली तर चाक उभं असताना गोलच दिसतं, पण पहिल्या भाराला फाकतं. मेनिस्कसचं मूळ सुटलं किंवा हे धागे आडवे कापले गेले की नेमकं हेच होतं. मेनिस्कस अजून गुडघ्यात असतो, एमआरआयमध्ये दिसतो, पण पाय टेकला की कडेबाहेर सरकतो आणि भार सरळ कूर्चेवर पडतो. १९८६ साली बॅरॅट्झ, फू आणि मेंगॅटो यांनी मृतदेहांच्या गुडघ्यांवर मोजणी करून दाखवलं की पूर्ण मेनिस्कस काढल्यावर हाडांची टेकण्याची जागा सुमारे ७५ टक्क्यांनी घटते आणि एखाद्या ठिकाणचा कमाल दाब सुमारे २३५ टक्क्यांनी वाढतो. २००८ साली अ‍ॅलेअर आणि सहकाऱ्यांनी फक्त मागचं मूळ तोडून मोजणी केली. आतल्या कप्प्यातला कमाल दाब २५ टक्क्यांनी वाढला आणि तो त्यांच्याच प्रयोगात पूर्ण मेनिस्कस काढल्यावर आलेल्या दाबाइतकाच निघाला (दोन प्रयोगांची पद्धत वेगळी, म्हणून आधीच्या २३५शी या २५ची थेट तुलना करू नये). मूळ परत शिवल्यावर दाब पूर्ववत झाला. एका टोकाची गाठ सुटणं म्हणजे भाराच्या दृष्टीने सगळा मेनिस्कस गमावणं, असा त्याचा अर्थ आहे.

आता प्रतिपक्षाचं सर्वांत मोठं शस्त्र घेऊ. २००८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मार्टिन एंग्लुंड आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातली ५० ते ९० वर्षांची ९९१ माणसं, दुखणं आहे की नाही हे न पाहता निवडलेली. सगळ्यांचा गुडघ्याचा एमआरआय. ३५ टक्क्यांच्या मेनिस्कसला इजा होती, आणि फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्यात काहीही दुखलं नव्हतं. हा ६१चा आकडा आज जो तो फेकतो. मेनिस्कस फाटलाय पण दुखत नाही, म्हणजे मेनिस्कस दोषी नाही, असा निवाडा त्यावरून होतो.

पण तोच लेख पुढे वाचा. एक्स-रेत झीज दिसत होती त्या लोकांत मेनिस्कस फाटल्याचं प्रमाण दुखणाऱ्यांत ६३ टक्के आणि न दुखणाऱ्यांत ६० टक्के होतं. झीज नव्हती त्या लोकांत तेच प्रमाण ३२ आणि २३ टक्के. दुखणं आणि मेनिस्कस यांचा संबंध ढिला, झीज आणि मेनिस्कस यांचा संबंध घट्ट, हे त्याच पानावर लिहिलेलं आहे. दुखत नाही म्हणजे बिघडत नाही, हा निष्कर्ष त्या लेखाने काढलेला नाही; वाचणाऱ्यांनी काढला. मधुमेह आणि रक्तदाबाच्या बाबतीत ही चूक आपण करत नाही. गुडघ्याच्या बाबतीत बिनदिक्कत करतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्याच वर्षी, २००९ साली, याच एंग्लुंड यांनी दुसरा अभ्यास छापला. आयोवा आणि अलाबामा इथल्या ‘मोस्ट’ या मोठ्या पाहणीतले लोक घेतले. सुरुवातीला एक्स-रेत झीज नसलेले आणि कधीही गुडघ्याचं ऑपरेशन न झालेले. ३० महिन्यांनी कुणाच्या गुडघ्यात झीज उमटली ते पाहिलं. ज्यांच्यात उमटली त्यांच्यापैकी ५४ टक्क्यांचा मेनिस्कस सुरुवातीलाच बिघडलेला होता. ज्यांच्यात उमटली नाही त्यांच्यापैकी फक्त १८ टक्क्यांचा. झीज होण्याचा संभव साडेपाच पटींहून अधिक. पहिला अभ्यास एका क्षणाचं चित्र होतं, दुसरा काळाबरोबर चालला. वादात पहिला सगळ्यांना पाठ असतो आणि दुसऱ्याचं नावही निघत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. कारण रुग्णाचा प्रश्न दुसऱ्या अभ्यासाचा असतो. त्याला आज काय दुखतंय ते ठाऊक आहे. पुढे काय होणार, हे तो आपल्याला विचारत असतो.

यावर एक जाणता आक्षेप आहे, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणं योग्य नाही. आक्षेप असा, की तुम्ही कार्य आणि कारण उलटं लावता. झीज आधी होते, पाय गुडघ्यात बाहेर वाकतो, आतला कप्पा आवळतो, कडेला हाड वाढतं आणि त्या सगळ्याने मेनिस्कस बाहेर ढकलला जातो. हे होतं, यात शंका नाही. मुरलेल्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे झिजेच्या आजारात, मेनिस्कस बाहेर येणं हा परिणामही असतो आणि एकदा आला की तो पुढच्या झिजेचं कारणही बनतो. पण प्रश्न सुरुवातीचा आहे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या ‘प्रूफ’ अभ्यासात ५० ते ६० वयाच्या, जास्त वजनाच्या ४०७ स्त्रिया घेतल्या होत्या आणि त्यांच्या गुडघ्यांत सुरुवातीला ऑस्टिओआर्थ्रायटिस नव्हता. मेनिस्कस ज्यांचा आधीच बाहेर आलेला होता त्यांच्यात अडीच वर्षांनी आजार उपजण्याचं प्रमाण जास्त निघालं. इथे सरकणं आधी आहे आणि आजार नंतर.

शिवाय शल्यचिकित्सेच्या इतिहासाने हा प्रयोग आपल्यावर नकळत करून दाखवलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लँड-सटन यांच्यासारखे शरीरशास्त्रज्ञ मेनिस्कसला निरुपयोगी अवशेष मानत होते. पुढची कित्येक दशकं तरुण, धडधाकट गुडघ्यांतून फाटलेला मेनिस्कस अख्खाच्या अख्खा काढला जाई, आणि अर्धवट काढणं हे कच्चं काम समजलं जाई. १९३६ साली डॉन किंग यांनी कुत्र्यांवर दाखवलं की मेनिस्कस काढला की कूर्चा झिजते. १९४८ साली टी. जे. फेअरबँक यांनी ऑपरेशन झालेल्या माणसांचे एक्स-रे पाहिले. सांध्यातली फट अरुंद झालेली, मांडीच्या हाडाचं टोक चपटं झालेलं, कडेला हाडाची धार आलेली. तेव्हा या माणसांच्या गुडघ्यात आधी झीज नव्हती. मेनिस्कस गेला आणि झीज आली. वय हेच एकमेव कारण असतं तर ऑपरेशन झालेला एकच गुडघा का बिघडावा?

आणखी एक गोष्ट माझ्या टेबलावरची आहे. गुडघ्याची झीज मोजताना आपण उभ्याने काढलेल्या एक्स-रेत दोन हाडांमधली फट पाहतो आणि ‘गॅप कमी झाली’ म्हणतो. ही फट म्हणजे निव्वळ कूर्चेची जाडी, असं समजलं जातं. तसं नाही. त्या फटीत मेनिस्कसही असतो. १९९९ साली गेल आणि सहकाऱ्यांनी, आणि २००६ साली हंटर आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनच्या रुग्णांत दाखवलं की फट अरुंद होण्याचा मोठा वाटा मेनिस्कस बाहेर सरकण्यामुळे असतो. म्हणजे ज्या एक्स-रेवर बोट ठेवून डॉक्टर सांगतात, ‘ही पाहा कूर्चा झिजली’, त्याच्यात कित्येकदा मेनिस्कस हलल्याचा पुरावा असतो. मेनिस्कसला झिजेच्या गोष्टीतून वगळायचं, आणि त्याच झिजेचं मोजमाप त्याच्याच जागेवरून करायचं, हे दोन्ही एकत्र चालत नाही.

मोजायचं कसं, हे सांगते, कारण ते कठीण नाही. समोरून घेतलेल्या छेदांपैकी सांध्याच्या मध्याचा छेद निवडायचा, जिथे नडगीच्या हाडावरची मधली दोन टोकं सर्वांत ठळक दिसतात. नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवर एक उभी रेघ मारायची. तिथे हाड वाढलेलं असेल तर ती वाढ सोडून मूळ कड धरायची. ही वाढ धरली तर सरकणं खरं आहे त्यापेक्षा कमी मोजलं जातं. मेनिस्कसची बाहेरची सीमा जिथे संपते तिथे दुसरी रेघ. दोहोंतलं अंतर म्हणजे मेनिस्कस किती सरकला ते. निरोगी गुडघ्यातही दीड-दोन मिलिमीटर असतं. अनेक वर्षं ३ मिमीपुढे असेल तर विकृत मानायची पद्धत आहे. स्वीडनमधल्या लुंडच्या गटाने २०१९ साली फ्रेमिंगहॅमचेच एमआरआय पुन्हा मोजून ४ मिमी ही मर्यादा अधिक बरोबर ठरेल असं म्हटलं. मला त्यांचं म्हणणं पटतं, ३वर सगळ्यांना घाबरवण्यात अर्थ नाही. पण हे लक्षात ठेवायला हवं की एमआरआय झोपून निघतो. उभं राहिल्यावर सोनोग्राफीने पाहिलं तर तोच मेनिस्कस आणखी बाहेर आलेला दिसतो. आमच्या रिपोर्टमधला आकडा हा भार नसतानाचा आकडा आहे.

दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही या लेखात थारा नाही. मेनिस्कस महत्त्वाचा आहे म्हणून फाटलेला भाग कापून टाका, हे तर्काला धरून नाही. ज्याच्या अभावाने भार वाढतो ते आणखी कमी करून भार कसा घटेल? फिनलंडच्या सिव्होनेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली १४६ रुग्णांची चाचणी छापली. अर्ध्यांचा मेनिस्कस दुर्बिणीतून खरोखर छाटला, अर्ध्यांना फक्त तसं भासवलं. वर्षभरानंतर दोघांत फरक नव्हता. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा छाटलेल्या गटात एक्स-रेतली झीज किंचित जास्त दिसली, जरी तो फरक वादातीत म्हणावा इतका मोठा नव्हता. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या तज्ज्ञगटाने झिजेच्या गुडघ्यांत दुर्बिणीच्या ऑपरेशनविरुद्ध कडक शिफारस केली, ती योग्यच होती. अडचण इतकीच की या चाचण्यांनी एक विशिष्ट इलाज नाकारला, आणि लोकांनी त्यातून आजाराचं कारणच नाकारलं.

तेल चोळून ‘गादी बसवून देणाऱ्यां’विषयी थोडक्यात. हाडाला रुतलेलं मूळ सुटलं किंवा धागे तुटले की ते बाहेरून अंगठ्याने दाबून जोडता येत नाहीत. चोळल्याने स्नायू सैलावतो, बरं वाटतं. मेनिस्कस तिथेच राहतो.

‘इलाजच नाही, मग सांगून काय उपयोग?’ असं मला एका वरिष्ठ सहकाऱ्याने विचारलं होतं. हा प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्यातलं गृहीतक बरोबर नाही. सरकलेला मेनिस्कस जागेवर आणल्याने झीज थांबते, हे मोठ्या यादृच्छिक चाचणीने अजून सिद्ध झालेलं नाही; मूळ शिवल्यावरही सरकणं बऱ्याचदा पूर्ण भरून निघत नाही. जपानमध्ये कोगा यांच्या गटाने मेनिस्कस कडेला टाके घालून आत ओढून धरण्याची पद्धत २०१२ साली मांडली, ती अजून तपासली जात आहे. पण ज्यांचं मागचं मूळ तुटलं आहे त्यांच्याबाबतीत गप्प बसण्याची किंमत कळलेली आहे. मेयो क्लिनिकमध्ये अशा ५२ रुग्णांना ऑपरेशनशिवाय ठेवून पाहिलं. सरासरी अडीच वर्षांत ३१ टक्के लोकांचा गुडघा बदलावा लागला. तिथल्याच दुसऱ्या तुलनेत प्रत्येकी १५ रुग्णांचे तीन गट होते. सरासरी सहा वर्षांनी पाहिलं तेव्हा काहीच न केलेल्यांपैकी ४ जणांचा, मेनिस्कस छाटलेल्यांपैकी ९ जणांचा गुडघा बदललेला होता. मूळ शिवलेल्यांपैकी एकाचाही नाही. गट लहान, चिठ्ठ्या टाकून वाटलेले नाहीत, हे मान्य. तरीही ४, ९ आणि ० हे आकडे वाचून ‘वयोमानाप्रमाणे’ म्हणवत नाही.

आणि मेनिस्कसला हात न लावता करण्यासारखं पुष्कळ आहे. वजनाचं गणित सगळ्यांत साधं. संशोधक मेसियर यांच्या मोजणीनुसार एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. मेनिस्कस जागेवर असलेल्या बाईला वजनाचा सल्ला द्यायचा तो चांगल्या सवयीचा म्हणून. मेनिस्कस ४ मिमी बाहेर असलेल्या बाईला तोच सल्ला तातडीने, आकडा दाखवून द्यावा लागतो. मांडीचे स्नायू बळकट करायचे, खोल उकिडवं बसणं काही महिने टाळायचं, पाय बाहेर वाकत असेल तर आतल्या कप्प्यावरचा भार बाहेरच्या कप्प्याकडे वळवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार वेळेत करायचा. यातलं काही नवं नाही. पण ‘वय झालं’ म्हणून घरी पाठवलेल्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. पुण्याजवळ भिगवणला डॉ. अरविंद चोप्रांच्या गटाने १९९६पासून गावकऱ्यांच्या सांध्यांची जी पाहणी केली, त्यातही गुडघेदुखी आघाडीवर होती. दिवसभर उकिडवं बसून खुरपणी करणाऱ्या बाईला चाळिसाव्या वर्षी लागलेली गुडघेदुखी वयाच्या खात्यावर टाकणं हा तिच्यावर अन्याय आहे.

मग काय, प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याचा एमआरआय काढायचा? मुळीच नाही. आधी उभ्याने एक्स-रे, तोही नेहमी. झीज मुरलेली दिसत असेल तर एमआरआयने निर्णय बदलत नाही, पैसे मात्र जातात. पण एक प्रकार वेगळा आहे आणि तो ओळखणं कुणालाही जमेल. पंचेचाळीस-पन्नाशीपुढची व्यक्ती, बहुधा बाई. जिना उतरताना किंवा जमिनीवरून उठताना गुडघ्याच्या मागच्या बाजूला ‘कट्’ असा आवाज किंवा झटका, लगेच कळ, आणि त्या क्षणापासून गुडघा पूर्वीसारखा नाही. ‘अमुक दिवशी, अमुक ठिकाणी’ असं त्या नेमकं सांगतात. कोरियातल्या डॉक्टरांनी हा झटका मागचं मूळ तुटल्याची खूण म्हणून नोंदवला आहे. अशा वेळी काढलेल्या एमआरआयमध्ये बाजूच्या छेदात, जिथे मेनिस्कसचा काळाभोर त्रिकोण हवा, तिथे एका छेदात तो नाहीसाच होतो आणि फक्त राखाडी धूसर जागा उरते. आम्ही तिला ‘घोस्ट साइन’ म्हणतो. पुढच्या छेदात त्रिकोण परत येतो, त्यामुळे घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून ती जागा सहज निसटते.

म्हणून माझ्या पेशातल्या लोकांकडे मागणी अशी, की रिपोर्टमध्ये ‘वयानुसार बदल’ लिहून थांबू नये. मागचं मूळ शाबूत आहे की तुटलं आहे हे स्वतंत्र ओळीत लिहावं, मेनिस्कस किती मिलिमीटर बाहेर आहे ते आकड्यात लिहावं, आणि मूळ तुटलेलं असून कूर्चा अजून बरी असेल तर पाठवणाऱ्या डॉक्टरला त्याच दिवशी फोन करावा. कारण शिवता येण्याची मुदत आठवड्यांत मोजायची असते, आणि कूर्चा गेल्यावर शिवायला कारणच उरत नाही.